पाचर, दोरा आणि पितळी तार

दात सरळ करायचे असतील तर आधी ते एकमेकांपासून सोडवावे लागतात. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली, पुढचे दात एकावर एक चढलेले दिसू लागले, की आईबाप तिला दातांच्या डॉक्टरांकडे नेतात. आज ‘क्लिप’ बसणार म्हणून सगळे तयारीने गेलेले असतात, आणि डॉक्टर त्या दिवशी क्लिप बसवतच नाहीत. मागच्या दाढांच्या मध्ये निळ्या रबराची एक बारीक रिंग अडकवतात आणि सांगतात, आता आठवड्याने या. घरी आल्यावर शेजारीण विचारते, अगं, दात जवळ आणायचे होते ना? मग फट कशाला पाडून घेतलीस?

शेजारणीचा प्रश्न अगदी रास्त आहे. गाय बांधायला जसा खुंटा लागतो तसा दातांवरच्या तारेलाही खुंटा लागतो. तो खुंटा म्हणजे मागची दाढ. त्या दाढेभोवती पोलादाचं एक पातळ कडं चढवायचं असतं. पण शेजारच्या दोन दाढा एकमेकींना इतक्या चिकटलेल्या असतात की मधून साधा कागद जाणार नाही. कड्याचा पत्रा मिलिमीटरच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढा जाड. तो आत जायला साधारण पाव मिलिमीटर जागा हवी. सगळी खटपट त्या पाव मिलिमीटरसाठी. जागा करणाऱ्या या वस्तूला दवाखान्यात ‘सेपरेटर’ म्हणतात.

मी दंतवैद्य नाही. बी.ए. होऊन कविता करत बसलेला माणूस. पण या पाव मिलिमीटरसाठी माणसाने काय काय वापरलं हे वाचत गेलो तेव्हा लाकूड, दोरा, पितळेची तार, रबर अशी आपल्या घरादारातलीच सामग्री समोर येत गेली, आणि त्यातली एक तर थेट मिरजेच्या सतारमेकर गल्लीत घेऊन गेली. म्हणून हे सांगावंसं वाटलं.

आपल्या भाषेने दातांची नावं सुताराच्या पेटीतून उचलली आहेत. पुढच्या दातांना आपण पटाशीचे दात म्हणतो. पटाशी हे सुताराचं हत्यार. अणकुचीदार दात तो सुळा. दोन फळ्यांमध्ये ठोकायची ती पाचर. आणि जागा करण्याची पहिली माहीत असलेली साधनं पाहिली तर ती याच पेटीतली निघतात.

फार जुन्या काळी वाकड्या दातांवर इलाज जवळजवळ नव्हताच. वाग्भटाने वाकड्यातिकड्या उगवलेल्या दातांना ‘कराल’ असं नाव देऊन त्यांची गणना दंतरोगांत केली. पहिल्या शतकातल्या सेल्ससने रोममध्ये लिहून ठेवलं की दुधाचा दात पडायच्या आधीच मागून नवा दात आला, तर जुना काढावा आणि नवा रोज बोटाने दाबत जागेवर आणावा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या सल्ल्यात एक गोष्ट पक्की आहे: रोज थोडा थोडा, हळू जोर लावला तर दात सरकतो. घरोघरी आजीबाईंनी हा अनुभव घेतला असेल, पण लिहून ठेवला तो सेल्ससने.

फट पाडण्याची एक निराळी हकिकत अरबस्तानातली आहे. सातव्या शतकात तिथे काही स्त्रिया कानशीने दात घासून मुद्दाम दातांमध्ये फटी पाडून घेत. लहान मुलींच्या दातांत निसर्गतःच थोडी थोडी फट असते, म्हणून फटी असल्या की वय कमी दिसतं, असा त्यामागचा हिशेब जुन्या भाष्यकारांनी सांगितला आहे. सहीह बुखारीत अब्दुल्ला बिन मसऊद यांच्या हवाल्याने या प्रकाराचा निषेध आला आहे. पुढच्या विद्वानांनी त्यातल्या ‘सौंदर्यासाठी’ या शब्दावर बोट ठेवलं आणि सांगितलं की व्यंग दूर करण्यासाठी किंवा उपचार म्हणून केलेली गोष्ट यात येत नाही. आमच्याकडच्या एका भगिनीने मुलीला तारा बसवताना हाच प्रश्न काढला होता, तेव्हा मौलवीसाहेबांनी दिलेलं उत्तरही हेच होतं. मुलीला घास नीट चावता येत नव्हता. विषय तिथेच मिटला. पण कानस लक्षात ठेवा. ती पुढे परत भेटणार आहे.

आता युरोपात जाऊ. १७२८ साली पॅरिसच्या पिएर फोशारने दातांच्या शस्त्रक्रियेवर दोन खंडांचा ग्रंथ छापला. त्याच वर्षी इकडे बाजीरावाने निजामाला पालखेडला कोंडीत पकडलं होतं आणि साताऱ्याच्या गादीवर शाहू महाराज होते. फोशार धातूची किंवा हस्तिदंताची घोड्याच्या नालेसारखी पट्टी घ्यायचा, तिला भोकं असत, आणि वाकडे दात दोऱ्याने त्या पट्टीला बांधून ओढून घ्यायचा. जागा अपुरी असेल तर दातांच्या कडा कानशीने घासायचा. म्हणजे दोरा आणि कानस.

यानंतर नाव येतं ते ख्रिस्तोफ-फ्रान्स्वा दलाबार या फ्रेंच वैद्याचं, साल १८१९. हेही साल सातारकरांना परकं नाही. पेशवाई बुडाल्यावर प्रतापसिंह महाराजांचा इंग्रजांशी तह झाला तो १८१९ च्या सप्टेंबरात. दलाबारने गर्दी झालेले दात सोडवायला दोन साधी साधनं वापरली: फुगणारा दोरा आणि लाकडाची पाचर. दोन दातांच्या मध्ये कोरडा दोरा घट्ट ओढून बसवायचा. तोंडातल्या लाळेने तो भिजतो, भिजला की फुगतो, फुगला की दोन्ही दातांना बाजूला रेटतो. लाकडाच्या पाचरेचंही तेच.

हे वाचल्यावर मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. कारण ही अक्कल आपल्या कृष्णाकाठच्या कुठल्याही शेतकऱ्याला कुणी शिकवावी लागत नव्हती. मोटेचा नाडा पाण्यात भिजला की फुगून आवळतो, हे त्याला ठाऊक होतं. पावसाळ्यात दार चौकटीत गच्च बसतं, हे घरातल्या पोराला ठाऊक असतं. खडकाला ओळीने भोकं पाडायची, त्यांत वाळकं लाकूड ठोकायचं, वर पाणी ओतत राहायचं आणि लाकडाच्या फुगण्याने खडक फोडायचा, ही रीत जगात फार जुनी. खडक फुटतो तर दाताची काय कथा! कान टोचल्यावर आमची नानी भोकात कडुलिंबाची काडी घालून ठेवायची. आधी बारीक, मग जरा जाड. काडी काढली आणि चार दिवस भोक मोकळं ठेवलं की ते बुजत जायचं. दातांमधली फटही तशीच आहे. सेपरेटर गळून पडला आणि चार दिवस तसेच गेले तर दाढा परत एकमेकींना येऊन चिकटतात. शरीराला मोकळी जागा आवडत नाही.

आणि लाकडाची ती पाचर अजून गेलेली नाही. आजही दोन दाढांच्या मधली कीड कोरून तिथे सिमेंट भरायचं असलं की डॉक्टर बाजूला एक पातळ पट्टी लावतात आणि ती घट्ट राहावी म्हणून खालून चिमुकली लाकडी पाचर सरकवतात. तिने दात केसभर बाजूला होतात, आणि पट्टी काढल्यावर राहिलेली जागा भरून येते. कधी भरणी करून घेण्याचा प्रसंग आला तर डॉक्टरांना विचारून बघा.

पण दात सरकतो म्हणजे नेमकं काय होतं? दात हाडात सिमेंटच्या खांबासारखा पुरलेला नसतो. दाताचं मूळ आणि हाड यांच्या मध्ये तंतूंची एक नाजूक गादी असते, तीही साधारण पाव मिलिमीटरचीच. दात तिच्यावर टांगलेला असतो. एका बाजूने दाब आला की त्या बाजूचं हाड हळूहळू विरघळतं आणि जिथे ताण पडला तिथे नवं हाड भरतं. स्वीडनच्या कार्ल सँडस्टेडने १९०४ च्या सुमाराला कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. त्याला आणखी एक गोष्ट दिसली. जोर फार झाला तर गादीचा तो भाग चेंगरून निर्जीव होतो आणि दात सरकण्याऐवजी अडून बसतो. घाई केली की काम लांबतं. आमच्याकडे बैलाला फार मारलं की तो बसकण मारतो, तसं.

अमेरिकेत याच कामाला स्क्रू आला, आणि त्याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. सॅन फ्रान्सिस्कोत इमर्सन अँजेल नावाचे दंतवैद्य होते. १८६० साली त्यांच्याकडे साडेचौदा वर्षांची एक मुलगी आली. वरचा जबडा अरुंद, दातांना जागा नाही. दात उपटावा तर चेहरा बसणार. अँजेलनी तिच्या टाळूत आडवा एक स्क्रू बसवला. त्याची दोन्ही टोकं दोन बाजूंच्या दातांना टेकलेली. मुलीच्या हातात एक किल्ली दिली आणि सांगितलं की स्क्रू घट्ट राहील असा रोज फिरवत जा. दोन आठवड्यांनी तिच्या समोरच्या दोन दातांच्या मधोमध स्पष्ट फट दिसू लागली. अँजेल म्हणाले, दात नुसते बाजूला कललेले नाहीत. वरच्या जबड्याच्या दोन अर्ध्या भागांमधला सांधाच उघडला आहे.

हे त्यांनी त्या काळच्या मोठ्या दंतवैद्यक मासिकात छापलं आणि टीका ओढवून घेतली. हाडाचा सांधा एका पोरीने किल्ली फिरवून उघडला, हे कुणी मानायला तयार होईना. अँजेलकडे पुरावा काय? क्ष-किरणांचा शोध लागायला अजून पस्तीस वर्षं होती. जे त्या मुलीला आरशात दिसत होतं ते विद्वानांना दिसत नव्हतं. पुढे हा उपाय मागे पडला. त्याला पुन्हा मान मिळाला तो १९६१ साली अँड्र्यू हास यांनी क्ष-किरण चित्रांसकट आपलं काम मांडलं तेव्हा. म्हणजे मध्ये एक शतक गेलं. आज अशी किल्ली सांगलीतल्याही एखाद्या आईच्या पर्समध्ये असते आणि ती रात्री मुलाला दिव्याखाली ‘आ’ करायला लावून ती फिरवते. त्या मुलांना समोरची फट दिसली की घाबरू नका म्हणून आधीच सांगावं लागतं.

मात्र अँजेलचा स्क्रू आणि आपला सेपरेटर यांत गल्लत नको. स्क्रू जबडाच रुंद करतो, मिलिमीटरांच्या हिशेबात. सेपरेटर दोन दाढांत फक्त कडं जाण्यापुरती वाट करतो. जागा करण्याचा तिसरा मार्ग म्हणजे चांगले दात काढून टाकणं. त्यावर अमेरिकेत १९११ साली मोठा वाद झडला. एडवर्ड अँगल यांचा पंथ म्हणे, एकही दात काढायचा नाही. कॅल्व्हिन केस म्हणत, काही रुग्णांत काढावाच लागतो. पुढे ऑस्ट्रेलियाच्या रेमंड बेग यांची दात काढून तारा बसवण्याची पद्धत आपल्या देशात पुष्कळ वर्षं चालली. ज्यांनी तीस-चाळीस वर्षांपूर्वी तारा बसवून घेतल्या त्यांच्यापैकी पुष्कळांच्या तोंडात चार दाढा कमी असतात, त्याचं कारण हे.

सेपरेटरची खरी गरज पडली ती १८७१ नंतर. त्या वर्षी विल्यम मॅगिल यांनी दाताभोवतीचं धातूचं कडं सिमेंटने चिकटवायला सुरुवात केली. त्याआधीची कडी स्क्रूने आवळलेली, हलणारी, निसटणारी. सिमेंटने ती पक्की झाली. पण पक्कं बसायचं तर कडं दाताला चारी बाजूंनी लपेटून हवं, आणि मग दोन दातांच्या मधली भिंत आडवी आली. एके काळी तर फक्त दाढांनाच नव्हे, पुढच्या प्रत्येक दातालाही कडं असायचं. म्हणजे तोंडातली प्रत्येक फट उघडायची. त्या काळच्या मुलांनी काय सोसलं असेल ते त्यांनाच माहीत.

या कामाला फार वर्षं राबली ती पितळेची तार. अर्धा मिलिमीटर किंवा किंचित जास्त जाडीची, मऊ. दोन दाढा जिथे एकमेकींना टेकतात त्या बिंदूच्या खालून ती आत घालायची, आतून वर वळवून टेकण्याच्या जागेवरून परत बाहेर आणायची, आणि बाहेर आलेली दोन्ही टोकं चिमट्याने पिळायची. पीळ बसला की तारेचा फास आवळतो आणि दाढा अंग चोरून बाजूला होतात. उरलेलं टोक कापून गालाला टोचू नये असं आत दुमडायचं. तार पितळेचीच का? पोलादाची घेतली तर ती ताठ, वळवताना हिरडी फाडेल. तांब्याची फार मऊ, पीळ धरणार नाही. पितळ मधलं. वळतंही आणि वळलेलं राहतंही.

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते दवाखान्यात नव्हे, मिरजेत. तिथे तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेबद्दल बोलणं चाललं होतं. तंबोऱ्याच्या बाकीच्या तारा पोलादी असतात, पण खर्जाची तार पितळेची घेतात. मिरजेत एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या कारागिरांनी सतारी-तंबोरे बनवायला घेतले आणि तो हुन्नर पिढ्यान् पिढ्या त्या गल्लीत राहिला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. हत्यार गेलं आणि हातातलं कसब वाद्याकडे वळलं, ही आपल्या जिल्ह्यातली फार सुंदर गोष्ट आहे. ती एरवीही पुष्कळांनी सांगितली आहे, मी फक्त तारेपुरता तिच्याकडे आलो.

तंबोऱ्यात आणखी एक गंमत आहे. तारा घोडीवरून जातात तिथे प्रत्येक तारेखाली सुताचा बारीकसा दोरा सरकवतात. दोरा नेमक्या जागी आला की तार घोडीपासून केसभर सुटते आणि जवारी लागते. आवाज गोल होतो, गुंजायला लागतो. दोरा किंचित पुढे-मागे झाला की आवाज मुका. म्हणजे दलाबारचा दोरा पॅरिसमध्ये दातांत जे करत होता, तेच काम मिरजेत दोरा तारेखाली करत होता. केसभर जागा. गवयी लोक सुरेल हरकतीला ‘जागा’ म्हणतात, अमुक बुवांनी काय जागा घेतली असं म्हणतात. तोही शब्द मला या निमित्ताने निराळा ऐकू यायला लागला. असो, कवी माणसाला असं भरकटायची सवय असते.

रबराकडे येऊ. चार्ल्स गुडइयर यांनी गंधक घालून रबर टिकाऊ करण्याची कृती शोधली आणि १८४४ साली तिचं पेटंट घेतलं. थोड्याच वर्षांत अमेरिकेत टकर नावाच्या दंतवैद्याने रबरी नळीचे काप करून ते दात ओढायला वापरले. आजची निळी रिंग ही त्याच कुळातली, पण ती झाडाच्या रबराऐवजी कारखान्यात बनवलेल्या लवचीक पदार्थाची असते. पक्कडीने ती ताणतात, चपटी झालेली रिंग करवतीसारखी मागेपुढे करत दाढांच्या मधून खाली उतरवतात आणि सोडून देतात. अर्धी रिंग खाली, अर्धी वर, आणि मधे दाढांचा टेकण्याचा बिंदू. रिंगेला परत गोल व्हायचं असतं; त्या हट्टाने ती दाढांना बाजूला सारत राहते.

रिंगेची बाजू घेणारे डॉक्टर सांगतात की ती बसवायला मिनिट लागत नाही, टोचत नाही, आणि जागा हमखास होते. ठणका मात्र असतो. बसवल्यावर काही तासांनी सुरू होतो, दुसऱ्या दिवशी सगळ्यांत जास्त, आणि आठवड्याच्या आत निवतो. माझ्या भाचीला बसवली होती तेव्हा ती म्हणाली, “मामू, दुखत नाही, पण दोन दाढांत पेरूची बी अडकल्यासारखं सारखं वाटतं.” दोन दिवस तिने वरण-भात खाल्ला. तिच्या आईने चिकट चिक्की आणि च्युइंगगम घरातून हद्दपार केलं, कारण रिंग त्यांनाच चिकटून निघते. फट वाढली की ती आपोआपही गळते. गिळली गेली तर बहुधा काही होत नाही. वाईट प्रकार दुसरा आहे: रिंग गळण्याऐवजी हिरडीखाली सरकली आणि कुणाच्या ध्यानात आलं नाही, तर तिथे पू होतो, हाड खाल्लं जातं. म्हणून रिंगा अशा भडक रंगाच्या करतात, आणि काही क्ष-किरणात दिसतील अशा. किती घातल्या हे मोजून लिहायचं आणि काढताना तितक्याच मोजून घ्यायच्या.

इथेच एक गोष्ट बजावून सांगतो, कारण हल्ली मोबाईलवर बघून मुलं घरीच असले उद्योग करतात. पुढच्या दोन दातांतली फट मिटवायला दातांभोवती साधं रबर बँड गुंडाळतात. दाताचं मूळ टोकाकडे निमुळतं असतं, त्यामुळे ते रबर घसरत हिरडीखाली आणि मुळावर चढत जातं. दिसेनासं होतं, पोरांना वाटतं पडलं. काही महिन्यांत धडधाकट दात हातात येतो. जगभरच्या दंतवैद्यकीय लिखाणात अशा घटनांची नोंद आहे.

तिसरं साधन तारेची स्प्रिंग. हिचा एक हात टेकण्याच्या जागेवरून जातो, एक खालून, आणि गालाच्या बाजूला तारेचा वेटोळा राहतो. दाढा इतक्या घट्ट की रबर उतरतच नाही, अशा वेळी ती कामाला येते. ठणका रबरापेक्षा थोडा कमी, जागाही थोडी कमी, असं बहुतेकांचं निरीक्षण आहे. पण जागा झाली की स्प्रिंग सैल होते आणि जेवताना कधी निघून जाते कळत नाही.

मग तिन्हींत चांगलं काय? कागदावर बघितलं तर रबर. पण हा प्रश्न कागदावर सुटत नाही, हे मला सांगलीतल्या एका दंत महाविद्यालयाच्या बाकड्यावर कळलं. भाचीबरोबर गेलो होतो. शेजारी जत तालुक्यातून आलेली एक बाई बसली होती, बरोबर तिची मुलगी. आमची भाची आणि ती, वय सारखंच. बाई द्राक्षाच्या बागेत छाटणीला जाणारी. मुलीचे वरचे दात इतके पुढे की ओठ मिटत नव्हते. शाळेत पोरं नाव ठेवतात म्हणून मुलीने महिनाभर शाळा बुडवली होती, आणि बाईच्या मनात त्याहून पुढची काळजी होती; ती तिने बोलून दाखवली नाही, पण ज्या घरात मुलगी असते त्या घराला ती सांगावी लागत नाही. महाविद्यालयात खर्च बाहेरच्यापेक्षा कमी, म्हणून इथे. मागच्या आठवड्यात घातलेल्या चार रिंगांपैकी दोन गळून पडल्या होत्या. फट बुजली होती. म्हणजे परत रिंगा, परत आठवडा, परत जत ते सांगली एसटी. बाई तिथल्या तरुण डॉक्टरला म्हणाली, “दादा, एकदाच काय ते घट्ट बसवा. यायचं म्हटलं की माझा खाडा होतो, हिचाबी शाळेचा जातो.”

आपण साधनांची तुलना करतो ती किती जागा झाली आणि किती दुखलं या दोन मापांनी. तिसरं माप त्या बाईने सांगितलं: किती खेपा. पितळेची तार दुखते, बसवायला वेळ खाते, हात कसबी लागतो, हिरडीतून थोडं रक्तही येतं. पण पिळून दुमडलेली तार सहसा गळत नाही. जतच्या, आटपाडीच्या, माणच्या मुलीसाठी ‘चांगलं’ साधन कुठलं, हे ठरवताना एसटीचं वेळापत्रकही मांडायला हवं. साताऱ्याच्या बाजूला माण-खटावचे लोक कराडच्या दंत महाविद्यालयाची वाट धरतात, त्यांचाही हिशेब हाच.

आणि हे इलाज आपल्याकडे गावापर्यंत आले तेच मुळी फार उशिरा. मिरजेत १८९४ पासून मिशनचं नावाजलेलं इस्पितळ होतं, लोक लांबून शस्त्रक्रियेला येत. पण आमच्या नानीच्या पिढीला दाताचा एकच इलाज माहीत होता, तो म्हणजे काढणं. आठवडी बाजारात चादर पसरून बसलेला माणूस तो करायचा. देशातलं पहिलं दंत महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात काढलं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून १९१५ साली पदवी घेऊन आलेला हा माणूस. महाविद्यालयाला पैसा कुठून आणला, तर स्वतःच चालवलेल्या ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नावाच्या दुकानाच्या कमाईतून. गोड पाणी विकून दातांचं कॉलेज! १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं, आणि २४ डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस आपल्याकडे दंतवैद्य दिन म्हणून पाळतात. नोंदणीशिवाय हा व्यवसाय करायला बंदी घालणारा कायदा १९४८ चा. दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांची भारतीय संघटना १९६५ ची. आपल्या सांगली-कराडकडे दंत महाविद्यालयं आली ती त्याच्याही पुष्कळ नंतर.

आता या साधनांचे दिवस भरत आल्यासारखे दिसतात. १९५५ साली मायकेल बुओनोकोर यांनी दाखवलं की दातावर सौम्य आम्ल लावून पृष्ठभाग खरखरीत केला की प्लास्टिकचा पदार्थ त्याला घट्ट चिकटतो. दहा वर्षांत तारेचे ठोकळे थेट दाताला चिकटवायला सुरुवात झाली आणि पुढच्या दातांवरची कडी गेली. हल्ली दाढांवरही कड्याऐवजी छोटी नळी चिकटवतात. कडं नाही म्हणजे फट नको, फट नको म्हणजे सेपरेटर नको. पण चावताना दाढेवर मोठा जोर येतो, नळी निघते, आणि जिथे पक्कं काम हवं तिथे डॉक्टर अजून कड्याकडेच वळतात. ज्यांच्या खिशाला परवडतं ते तारा सोडून पारदर्शक साचे बसवून घेतात. त्यात जागा कमी पडली की दोन दातांच्या कडा बारीक पट्टीने मिलिमीटरच्या दशांशात घासतात. अरबस्तानातली आणि फोशारची कानस अशी परत आली, फक्त या वेळी हिशेब संगणकावर करून.

त्या दिवशी तरुण डॉक्टरने जतच्या बाईचं ऐकलं. वरिष्ठांना विचारून आला, कपाटातून पितळेच्या तारेचं बंडल काढलं आणि त्या मुलीच्या चारही जागी तार पिळली. मुलीने दोन्ही हातांनी खुर्ची धरून ठेवली होती, आवाज केला नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही गेलो तेव्हा त्या दोघी आधीच येऊन बसल्या होत्या. चारही तारा जागच्या जागी होत्या. कडी त्याच दिवशी बसली. मी त्या डॉक्टरला विचारलं, अजून तार वापरता का? तो म्हणाला, क्वचित. विभागात एवढं एकच बंडल उरलंय, आणि त्याच्या मागून आलेल्या मुलांपैकी दोघांनाच ती नीट पिळता येते.